पाकीट चिकटवलेलं नाही

प्रति,
कॅमेऱ्याच्या पाठीमागे, फोनच्या पलीकडे आणि नोटिशीखालच्या न लागणाऱ्या सहीत वास्तव्य करणारे सर्व साहेब
(पत्ता अपुरा)

विषय : पोच मिळणेबाबत

महोदय,

सांगलीहून एका निवृत्त सबपोस्टमास्तराचा नमस्कार. हे पत्र पाकिटात घातलंय, पण पाकीट चिकटवलेलं नाही. माझा डिंक वाचला, तुमची किटलीची वाफ वाचली. वर्तमानपत्रवाले याला खुलं पत्र म्हणतात. आमच्या खात्यात अशा उघड्या पाकिटाला ‘बुक पोस्ट’ म्हणायचे आणि तिकीटही कमी लागायचं.

अडतीस वर्षं टपाल खात्यात काढली. खानापूर तालुक्यात सायकलवर पोस्टमन म्हणून लागलो आणि शिक्के मारून मारून उजवा खांदा गेल्यावर निवृत्त झालो. त्यामुळे दुसऱ्याचं टपाल उघडण्याच्या विषयात मला थोडंफार कळतं. १९८६ साली संसदेनं एक दुरुस्ती विधेयक मंजूर केलं, सरकारला टपाल अडवायचे आणि उघडायचे वाढीव अधिकार देणारं. ते सहीसाठी राष्ट्रपती झैलसिंगांकडे गेलं. त्यांनी सही केली नाही, परतही पाठवलं नाही, नुसतं ठेवून दिलं. आमच्या भाषेत ते ‘डिपॉझिट’मध्ये पडलं. २००२ साली सरकारनंच ते मागे घेतलं. देशातलं सगळं टपाल वाचलं ते एका टपालाचा बटवडा न झाल्यामुळे, यावर सॉर्टिंगच्या टेबलावर आम्ही किती वेळा हसलो असू.

तशी सोय इंग्रजांच्या १८९८ च्या कायद्यातही होतीच. मग २०२३ चा नवा टपाल कायदा आला. त्याच्या कलम ९ मध्ये राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणं देऊन टपाल अडवायची तरतूद आहे. या खेपेला कुणी काही ठेवून दिलं नाही, वेळेत सही झाली. तेव्हा पाकीट चिकटवण्यात आता फक्त जिभेला त्रास.

पण माझी तक्रार पत्रांची नाही, कोंबड्यांची आहे.

झालं असं. मुलानं सहज म्हणून ॲपवर माझ्या स्कूटरचा नंबर टाकला, तर चार महिन्यांपूर्वीचा दंड निघाला. हेल्मेट नाही आणि गाडीवर तिघे. गाव शेजारच्या जिल्ह्यातलं, जिथं मी त्या वर्षात पाऊल ठेवलेलं नाही. फोटो मोठा करून बघितला. लाल मोटारसायकल. पुढं मिसरूड फुटलेलं पोरगं, मागं त्याचा मित्र, आणि यंत्रानं तिसरा प्रवासी म्हणून ज्याला धरलं होतं ती कोंबड्यांची पाटी. नंबराच्या पाटीला चिखल लागून ३ चा ८ झालेला. माझी स्कूटर राखाडी. त्या दिवशी ती विश्रामबागेत मेकॅनिककडं इंजिन उघडून पडलेली होती. मेकॅनिक म्हणाला, “काका, बिनइंजिनाची गाडी एवढ्या लांब पळवली तुम्ही. दंड कसला, बक्षीस पाहिजे.”

मी संबंधित कार्यालयात गेलो. कुठल्या, ते सांगत नाही. खिडकीतला पोरगा चांगला होता. मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

“काका, नंबर तुमचाच दाखवायलाय.”

“पण बाळ, माझी स्कूटर आहे. ही मोटारसायकल आहे.”

“मशीनला गाडी कळत नाही ओ. नंबर कळतो.”

“तुला कळतंय न्हवं, ही मोटारसायकल आहे म्हणून?”

“मला कळतंय की. पण मला काढायचा अधिकार नाही.”

घरी येताना मी स्टँडपर्यंत याच वाक्यावर विचार करत आलो. ज्याला अधिकार आहे त्याला कळत नाही, ज्याला कळतं त्याला अधिकार नाही, आणि ज्याच्या कोंबड्या होत्या तो मजेत आहे. ऑनलाइन तक्रार केली. आठ दिवसांनी मेसेज आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ कशी काढली, कुणी काढली, काही नाही. दंड जिथल्या तिथं. मग लोकअदालतीत येऊन तडजोड करा म्हणून निरोप आला. तडजोड म्हणजे काय करायची? निम्म्या कोंबड्या माझ्या, असं कबूल करायचं?

नियम बघायची खोड पोस्टातून लागलेली, म्हणून बघितले. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत १६७अ घातलाय. कॅमेरा असेल तिथं आधी ठळक फलक पाहिजे. यंत्राच्या प्रमाणपत्राचं दर वर्षी नूतनीकरण पाहिजे. गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत गाडीमालकाला पाठवली पाहिजे. मला चौथ्या महिन्यात कळलं, तेही पोरगं रिकामं बसलं होतं म्हणून. आमच्या वेळी पंधरा दिवस उशिरा पोचलेल्या साध्या कार्डासाठी चौकशी लागायची, खुलासा लिहून घ्यायचे. इथं खुलासा मीच लिहितोय.

दुसरी गोष्ट नोटिशीची. कृष्णेच्या घाटावर सकाळी फिरणाऱ्या आम्हा अकरा जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सगळ्यात तरुण सभासद बासष्ट वर्षांचा. ग्रुपवर गुलाबाची फुलं, गुडघ्यांचे व्यायाम आणि पावसाळ्यात आयर्विन पुलाच्या पाण्याची पातळी एवढंच येतं. २०१९ चा पूर पाहिलेला माणूस चाळीस फुटांच्या वर आकडा गेला की रात्रीत तीनदा मोबाइल बघतो, त्याला इलाज नाही. ग्रुपवर आजवर शांतता भंग झाली ती एकदाच, सांगलीचा भडंग मोठा की कोल्हापूरची भेळ यावरून. तीन दिवस चाललं. तर एका निवडणुकीच्या तोंडावर मला ॲडमिन म्हणून नोटीस आली: ग्रुपवर आक्षेपार्ह मजकूर आढळल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल.

मी घाबरून ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात’ हे बटण दाबलं. आठ दिवस रोज पहाटे मी एकटाच ‘शुभ सकाळ’ टाकत होतो. कुणी उत्तर देऊ शकत नव्हतं. पुतळ्यानं भाषण करावं तसं. मग एका वकील मित्रानं सांगितलं की मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्येच निकाल दिलाय, सभासदानं काही टाकलं म्हणून ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही. मी विचारलं, हे नोटीस काढणाऱ्यांना माहीत नसेल का? तो नुसता हसला. तेही बरोबरच. समाजमाध्यमावरच्या मजकुरासाठी अटक करायचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली रद्द केलं, तरी पुढं कित्येक वर्षं त्याखाली गुन्हे नोंदवले जात होते. २०२१ मध्ये न्यायालयालाच त्याचं आश्चर्य वाटलं. मेलेल्या माणसाच्या नावानं मनीऑर्डर चालू ठेवली म्हणून आमच्याकडं एकजण निलंबित झाला होता, त्याची आठवण आली.

फोनच्या बाबतीत तर खिडकीत पाणी देणारा पोरगाही नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फोन ऐकण्यावर बंधनं घातली. गृहसचिवाच्या पातळीवर लेखी आदेश हवा, त्याला मुदत हवी, आणि आदेश बरोबर होता का ते तपासणारी समिती हवी. समिती आहे. तिच्यात अधिकारी आहेत, न्यायाधीश नाही. बरं, काम किती? २०१३ मध्ये माहिती अधिकारात बाहेर आलं की एकट्या केंद्राकडून महिन्याला ७,५०० ते ९,००० आदेश निघतात. समिती बसते दोन महिन्यांतून एकदा. लोकांच्या खासगी माहितीच्या संरक्षणासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीनं २०१८ च्या अहवालात हिशेब मांडून ठेवलाय, एका बैठकीला १५,००० ते १८,००० आदेश.

साहेब, मी सॉर्टिंग केलेला माणूस आहे. समिती चहालाही न उठता सलग आठ तास बसली, तरी १५,००० आदेशांना प्रत्येकी दोन सेकंदसुद्धा येत नाहीत. दोन सेकंदांत मी पिनकोड वाचून पत्र खणात टाकायचो, ४१६४१६ असला तर सांगलीच्या. पण मला फक्त खण ठरवायचा होता. आतल्या माणसाचं काय करायचं ते ठरवायचं नव्हतं. आणि एवढ्या घाईत पत्तेही चुकतात. आपल्याच राज्यात लोकप्रतिनिधींचे फोन भलत्याच नावांनी, अमली पदार्थांचे व्यापारी म्हणून ऐकले गेल्याचे आरोप विधानसभेत गाजले. गुन्हे नोंदले गेले, २०२३ मध्ये उच्च न्यायालयानं ते रद्दही केले. कोर्टाचं कोर्टाला माहीत. मी फक्त एवढंच म्हणतो, पाकिटावर नाव एकाचं आणि बटवडा दुसऱ्याच्या दारात, असं करणाऱ्या पोस्टमनला आम्ही बीट, म्हणजे वाटपाचा भाग, बदलून द्यायचो.

ज्याचा फोन ऐकला त्याला पुढं कधी कळवतात का? नाही. काही सापडलं नाही, तुम्ही सज्जन निघालात, असं दोन ओळींचं कार्डसुद्धा येत नाही. गरज उरली नाही तर सहा महिन्यांनी कागदही नष्ट. म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला तो तक्रार करायला जाईल कशाच्या जोरावर? त्याला पोचच नाही.

आता माझा कबुलीजबाब. पाळत मीही ठेवलेली आहे.

खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली. सोनंचांदी गाळायची भट्टी घेऊन कुणी मदुराईला, कुणी कानपूरला, कुणी गुवाहाटीला. घरात म्हातारी आणि सून, दोघींना अक्षरओळख नाही. आलेलं पत्र मीच वाचायचो, उत्तर मीच लिहायचो, मनीऑर्डरचे पैसे मीच मोजून द्यायचो. कुणाचं दुकान बुडालं, कुणाची सोयरीक मोडली, कुणी तिकडं दुसरं घर केलं, सगळं मला त्या घराच्या आधी कळायचं. कोपरा फाडलेलं, म्हणजे मयताची खबर आणणारं पोस्टकार्ड थैलीत दिसलं की मी त्या दारात गेल्यावर आधी पाणी मागायचो, म्हातारीला बसतं करायचो, आणि मग कार्ड काढायचो.

एकदा एका सुनेला नवऱ्याचं पत्र आलं. मी वाचायला लागलो आणि दोन ओळी पुढं नजर गेली. शेजारीण उंबऱ्यात गहू निवडत कान देऊन बसलेली. मी पत्रात नसलेलं वाचलं. पाऊस बरा आहे, तब्येत बरी आहे, दिवाळीला बघू. दुसऱ्या दिवशी मळ्याच्या वाटेवर सायकल उभी करून त्या बाईला खरं पत्र वाचून दाखवलं. त्यात काय होतं ते इथंही लिहिणार नाही. ती आज पणजी झाली असेल.

हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. मला गरजच तशी होती. मी त्या गावाला बघत होतो तसं ते गावही मला बघत होतं. माझं तोंड सैल आहे असं कळलं असतं तर सायकल विहिरीत गेली असती आणि मागोमाग बदलीचा अर्ज. पासपोर्टच्या चौकशीला पूर्वी घरी हवालदार यायचे, त्यांचंही तसंच. चपला काढून आत यायचे, चहा घ्यायचे, नाव सांगायचे, शेजाऱ्याला विचारायचे. उद्या बाजारात दिसले तर आपणच म्हणायचो, काय हवालदारसाहेब, झाला का आमचा रिपोर्ट? खांबावरच्या त्या काळ्या डोळ्याला मी काय विचारू? तो मान फिरवतो, नमस्कार घेत नाही.

कॅमेरे नकोत असं माझं म्हणणं नाही. आमच्या गल्लीत गळ्यातलं ओढून पळणारा कॅमेऱ्यामुळंच सापडला, आणि सापडला तेव्हा पेढे वाटायला मीही होतो.

पण साहेब, ही माती पाळतीला नवखी नाही. बहिर्जी नाईकांची समाधी आपल्या बाणूरगडावर आहे, माझ्या जुन्या बीटपासून फार लांब नाही. आम्ही लहानपणी ऐकलेल्या सगळ्या गोष्टींत बहिर्जी वेष पालटून शत्रूच्या गोटात शिरतात. रयतेच्या माजघरात डोकावल्याची एकही गोष्ट कुणी सांगितली नाही. पुढं येडेमच्छिंद्रचे नाना पाटील १९४२ पासून चारेक वर्षं भूमिगत राहिले. इंग्रज सरकारनं इथं खबरे पेरले, बक्षिसं लावली, तरी नाना हाती लागले नाहीत. खबऱ्यांच्या तळपायांचं नानांच्या पत्री सरकारात काय व्हायचं, ते कुंडलच्या बाजूला कुणालाही विचारा. (ती पद्धत मला मान्य नाही. नोंद घ्यावी, आणखी एक नोटीस नको.) २४ जुलै १९४३ ला वसंतदादा आणि त्यांचे सोबती सांगलीचा तुरुंग फोडून दिवसाढवळ्या बाहेर पडले. दादांच्या खांद्यात गोळी लागली, पुन्हा पकडले गेले. तेव्हाच्या सरकारी दप्तरात ही माणसं काय होती? फरारी, दरोडेखोर, धोकादायक. मग नाना १९५७ मध्ये साताऱ्यातून लोकसभेवर गेले आणि दादा मुख्यमंत्री झाले. दप्तर तेच, माणसंही तीच, बदलला तो फक्त शेरा. म्हणून कुणाच्या नावापुढं शेरा मारताना जरा शाई जपून वापरावी, असं मला शिक्का मारणारा माणूस म्हणून वाटतं.

आणि डोळे लावायचेच तर आधी कुठं? सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये सांगितलंय, प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीत, दारांवर आणि आवारात कॅमेरे बसवा, आवाजासह, अंधारात दिसणारे, आणि चित्रण अठरा महिने ठेवा. २०२५ मध्ये न्यायालयाला पुन्हा स्वतःहून दखल घ्यावी लागली, कारण ते कॅमेरे चालतच नाहीत अशा बातम्या आल्या. इथं सांगलीकराला विनोद सुचत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या शहरात एक तरुण कोठडीत मेला, आणि त्याचं प्रेत आंबोलीच्या डोंगरात नेऊन जाळल्याच्या आरोपाखाली पोलिसांनाच अटक झाली. त्या आठवड्यात आमच्या घाटावर कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मी हेल्मेट घातलं का हे बघायला चौकाचौकात डोळा आहे. त्या पोराला बाहेर नेताना बघायला कुणी होतं का?

कुणी म्हणेल, ज्यानं काही केलं नाही त्यानं भ्यायचं कशाला? हे मला सर्वांत जास्त वेळा कोण म्हणालं असेल? स्वतःचं पत्र मी वाचताना जो दार लावून घ्यायचा, तोच. प्रत्येकाला दार असतं साहेब. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. ज्यांच्या नावानं तो खटला ओळखला जातो ते पुट्टस्वामी निवृत्त न्यायाधीश, वय तेव्हा नव्वदीच्या पुढं. त्यामुळे आम्हा पेन्शनरांना अगदीच हलक्यात घेऊ नका. आणि ओरडलं की ऐकू जातं, हेही दिसलंय. २०२५ च्या अखेरीस प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप आधीच घालून द्यायचा आदेश बाहेर आला, आरडाओरडा झाला आणि दोन-तीन दिवसांत सक्ती मागे गेली.

मागणी फार मोठी नाही. आमच्याकडं ए.डी.चं एक लहानसं कार्ड असायचं. पत्र कुणाला मिळालं, कुठल्या तारखेला, सही कुणाची. कार्ड परत यायचं आणि पाठवणाऱ्याचा जीव भांड्यात पडायचा. सही वाचता आली नाही तर आम्ही कंसात नाव लिहून घ्यायचो. तेवढंच द्या. माझा फोटो घेतला, तर कुणी बघितला त्या माणसाचं नाव. माझा फोन ऐकला, तर झाल्यावर तारखेसह दोन ओळी, उशिरा का होईना. मला नोटीस काढली, तर खाली वाचता येणारी सही. आणि त्या खिडकीतल्या पोराला, ज्याला कळतंय त्याला, कोंबडी आणि माणूस यांतला फरक कागदावर लिहायचा अधिकार.

हे पत्र रजिस्टरनंच टाकणार होतो. पण १ सप्टेंबर २०२५ पासून आमचं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, आणि आयुष्यभर ज्याच्या पावत्या फाडल्या ते नावच खिडकीवरून गेलं. पोच मात्र अजून मागता येते, जादा पैसे भरून. मी भरले आहेत. पत्ता अपुरा आहे हे मला ठाऊक आहे. खिडकीतल्या पोरीनंही तेच सांगितलं, “आजोबा, हे परत येईल.” मी म्हटलं, येऊ दे. परत येताना पाठीवर शेरा तरी असेल, आणि शेऱ्याखाली कुणाची तरी सही.

आपला,
खात्याबाहेर गेलेला एक सबपोस्टमास्तर
सांगली

ता.क. : पत्र टाकायला गेलो त्या वेळचं चित्रण तपासलंत तर दिसेल, मी हेल्मेट घातलेलं होतं. चालत गेलो होतो.